मार्सेलिसमध्ये तीन दिवस : बंदराचा इतिहास समजून घेण्यासाठी काय पाहावे?

कर्वेनगरकर (प्रश्न)

नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी आई दक्षिण फ्रान्सला जात असून त्यांतले तीन दिवस आम्ही मार्सेलिससाठी राखून ठेवले आहेत. पुण्याहून निघणाऱ्या ज्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिका मी पाहिल्या, त्यांत या शहराच्या वाट्याला फार तर एक दुपार येते. टेकडीवरचे चर्च दाखवायचे, जुन्या बंदरावर छायाचित्रांसाठी थोडा वेळ द्यायचा आणि नीसच्या रस्त्याला लागायचे, असा एकूण प्रकार दिसला. म्हणून आम्ही स्वतंत्रपणेच जायचे ठरवले. आई इतिहासाची निवृत्त शिक्षिका आहे. सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून मारलेल्या उडीचा प्रसंग तिने वर्षानुवर्षे वर्गात शिकवला असल्यामुळे ते बंदर एकदा डोळ्यांनी पाहावे, ही तिची फार जुनी इच्छा आहे. तेवढे एकच स्थळ पाहून परतायचे मात्र नाही. सव्वीसशे वर्षे सतत नांदत्या असलेल्या बंदराची गोष्ट पहिल्यापासून कळावी, अशी आमची अपेक्षा आहे.

जाणकारांना विनंती अशी की, सुरुवात कोठून करावी, कोणत्या संग्रहालयाला खरोखर वेळ द्यावा आणि वेळ कमी पडल्यास काय सोडले तरी चालेल, हे सांगावे. आईला सपाटीवर चालायला अडचण नाही. पायऱ्या आणि चढ मात्र बेताचेच जमतात. ‘मोरिया’ नेमकी कोठे लागली होती आणि आज तेथपर्यंत जाता येते का, हेही कोणी सांगू शकल्यास फार बरे होईल.

जलदुर्गप्रेमी

तीन दिवस देत आहात, हे वाचून आनंद झाला. माझे मत विचाराल तर टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द या चर्चपासून सुरुवात करू नये. वरून दिसणारे दृश्य सुंदर असते यात शंका नाही. परंतु खाली काय घडून गेले हे ठाऊक नसताना ते नुसतेच दृश्य राहते. पहिल्या दिवशी सकाळी शहराच्या इतिहास संग्रहालयात जावे. जुन्या बंदराच्या आतल्या टोकापासून ते पाच मिनिटांच्या अंतरावर आहे, रस्ता सपाट आहे, आणि एका मोठ्या व्यापारी संकुलाला लागून असल्यामुळे त्याचे दार सहज नजरेत भरत नाही. ते शोधून काढावे.

१९६७ साली याच संकुलाच्या पायाची खोदाई चालू असताना ग्रीक काळातील तटबंदी, रोमन काळातील फरसबंद रस्ता आणि बंदराच्या धक्क्याचे दगड हाती लागले. आज तो सगळा भाग संग्रहालयाच्या आवारात उद्यानासारखा राखलेला आहे. तेथे हिरवळ आहे आणि पाण्याचा मागमूसही नाही. परंतु प्राचीन बंदराचा एक फाटा येथवर आत शिरलेला होता आणि तो हळूहळू गाळाने भरत जाऊन बुजला. आईंना त्या धक्क्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहू द्यावे, कारण बंदर म्हणजे सतत उपसावा लागणारा गाळ, ही गोष्ट पुस्तकापेक्षा तेथे फार चांगली कळते.

आत गेल्यावर दोन वस्तूंसाठी सवड काढावी. पहिली म्हणजे १९७४ साली त्याच गाळात सापडलेला रोमन मालवाहू गलबताचा सांगाडा. शतकानुशतके चिखलात राहिलेले लाकूड उघड्यावर आले की वाळताना आकसते, तडकते आणि अखेर त्याचा भुगा होतो. म्हणून हे लाकूड गोठवून, त्यातील बर्फाचे पाणी होऊ न देता थेट वाफ करून वाळवण्यात आले. जवळून पाहिल्यास फळ्यांच्या कडांमध्ये कोरलेल्या खाचा आणि त्यांत बसवलेल्या लाकडी जिभा दिसतात, ज्यांच्या बळावर एक फळी दुसरीला धरून राहत असे. दुसरी गोष्ट म्हणजे १९९३ साली जवळच्याच एका चौकात सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील ग्रीक होड्यांचे अवशेष. त्यांतली लहान होडी खिळ्यांनी जोडलेली नसून दोऱ्याने शिवलेली आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही काथ्याने फळ्या शिवून होड्या बांधण्याची जुनी रीत होती, हे ज्याला माहीत आहे, त्याचा पाय तेथून लवकर निघत नाही. शिवणीकडून खाचांच्या जोडणीकडे झालेला प्रवास एकाच छपराखाली असा समोरासमोर फार क्वचित पाहायला मिळतो.

शहराच्या स्थापनेची कथाही येथेच कळते. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकाया या ग्रीक नगराहून दर्यावर्दी येथे आले, तेव्हा स्थानिक राजाच्या मुलीचे स्वयंवर चालले होते आणि तिने पाण्याचा पेला त्या परदेशी पाहुण्यांच्या नायकापुढे धरला, अशी ती कथा आहे. गिप्तिस आणि प्रोतिस ही त्या दोघांची नावे शहरात अधूनमधून भेटत राहतील.

दुपारी बंदराच्या उत्तर काठाने सॅं-जां किल्ल्याकडे चालत जावे. वाटेत नगरपालिकेची सतराव्या शतकातील इमारत लागते. तिच्या मागची घरे इतकी नवी का, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर असे की १९४३ च्या जानेवारीत जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांच्या मदतीने या वस्तीतील सुमारे २०,००० रहिवाशांना बाहेर काढले आणि त्यानंतर जवळजवळ १,५०० इमारती सुरुंग लावून पाडल्या. येथून धरलेल्या ज्यूंपैकी अनेकांना मृत्युछावण्यांमध्ये पाठवण्यात आले. युद्धानंतर पुनर्बांधणीसाठी तोच भाग खणला, तेव्हा पहिल्या शतकाच्या आसपासचे रोमन कोठार उघडकीस आले. जमिनीत अर्धे पुरलेले माणसाच्या उंचीचे मातीचे रांजण तेथे जागच्या जागी ठेवून लहानसे संग्रहालय केले आहे. ते उघडे आहे की नाही याची आधी चौकशी करावी. उघडे असल्यास अर्ध्या तासात पाहून होते.

बंदराच्या मुखाशी आल्यावर इतके आठवावे की या मुखावर पूर्वी लोखंडी साखळी ताणलेली असे. १४२३ साली अरागॉनच्या पाचव्या अल्फोन्सोने शहर लुटले आणि ती साखळी विजयचिन्ह म्हणून नेली; ती आजही स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलमध्ये टांगलेली आहे. त्या लुटीनंतर या प्रोव्हान्स प्रांताचा शासक राजा रने याने मुखावर चौकोनी बुरूज बांधला, तो किल्ल्यात सामावलेला दिसेल. पुढे चौदाव्या लुईने दोन्ही बाजूंचे किल्ले उभारले, तेही शत्रूपेक्षा बंडखोर नागरिकांना वचक बसावा म्हणून. तोफा शहराकडेही तोंड करून होत्या, हे ध्यानात घेऊन त्या भिंतींची रचना पाहिली की तिचा अर्थ लागतो.

प्रभात रस्ता

जलदुर्गप्रेमी यांनी दिलेला क्रम मला पटतो. टेकडीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. नोत्र-दाम द ला गार्द हे चर्च केवळ दृश्यासाठी पाहायचे स्थळ नाही. १८६४ साली अर्पण झालेल्या या वास्तूच्या छतापासून जहाजांच्या लहान लहान प्रतिकृती टांगलेल्या आहेत आणि भिंती संगमरवरी पाट्यांनी भरून गेल्या आहेत. वादळातून वाचलेल्या खलाशांनी व त्यांच्या घरच्यांनी फेडलेले हे नवस आहेत. बंदरावर पोट असलेल्या माणसांच्या मनात काय चालत असे, ते मला कोणत्याही काचेच्या कपाटापेक्षा त्या पाट्यांवर अधिक स्पष्ट दिसले. १९४४ च्या ऑगस्टमधील लढाईत लागलेल्या गोळ्यांच्या खुणाही बाहेरच्या भिंतीवर आहेत. जुन्या बंदरापासून ६० क्रमांकाची बस थेट वर जाते, त्यामुळे चढाची चिंता नको. शेवटच्या काही पायऱ्या मात्र चढाव्या लागतात.

किल्ल्याला अरुंद पुलाने जोडलेले ‘म्यूसेम’ हे भूमध्य संस्कृतीचे संग्रहालय २०१३ साली उघडले. रुडी रिचिओत्ती यांनी आखलेल्या या इमारतीभोवती काँक्रीटची जाळी आहे आणि तिच्यातून आत पडणारा समुद्राचा उजेड दर तासाला पालटतो. ज्यांना आपले केळकर संग्रहालय आवडते, त्यांनी आतही जावे. रोजच्या जगण्यातील अवजारे, भांडी, पोशाख यांकडे पाहण्याची दृष्टी तीच आहे. मात्र बंदराचा क्रमवार इतिहास येथे मिळत नाही. वेळ कमी असल्यास आतील दालने सोडावीत आणि गच्ची, पूल व किल्ल्यातील बागा एवढेच पाहावे, त्यासाठी तिकीटही लागत नाही.

किल्ल्यामागच्या ले पानिये या जुन्या वस्तीत ‘व्हियेय शारिते’ आहे, ती माझ्या दृष्टीने शहरातील सर्वांत देखणी वास्तू होय. मार्सेलिसचाच सुपुत्र असलेल्या प्येर प्युजे याच्या आराखड्यानुसार १६७१ साली तिचे काम सुरू झाले. रस्त्यावरच्या निराधारांना आणून कोंडून ठेवण्यासाठी बांधलेले हे घर असल्यामुळे बाहेरून भिंत जवळजवळ आंधळी आहे, तर आत चौकाच्या चारही बाजूंनी तीन मजली कमानींचे सोपे आणि मधोमध लंबगोल घुमटाचे देवघर आहे. विसाव्या शतकात ती पडायला आली होती. आज तेथे भूमध्य पुरातत्त्वाचे संग्रहालय असून त्यातील इजिप्तचा संग्रह चांगला आहे. वस्तीत चढ आहे, परंतु थांबत थांबत जाता येते.

आणखी एक आग्रहाची सूचना. दक्षिणेस मिशले मार्गावर ल कॉर्ब्युझिए याने बांधलेली ‘सिते रादिएझ’ ही १९५२ साली पूर्ण झालेली ३३७ घरांची इमारत आहे. २०१६ साली जागतिक वारसा यादीत त्याची सात देशांतील १७ कामे एकत्र नोंदवली गेली. त्यांत ही इमारत आहे आणि आपल्या चंदीगडचे विधान-संकुलही आहे. चंदीगड पाहिलेल्या माणसाला त्या खडबडीत काँक्रीटची ओळख पटायला क्षणभरही लागणार नाही. गच्ची अवश्य पाहावी.

खडकी निवासी

सिते रादिएझपर्यंत जाणारच असाल, तर त्याच दिशेला थोडे पुढे मझार्ग येथे असलेले युद्धस्मशान चुकवू नये. मार्सेलिसमध्ये भारतीयाने कोठे जावे असे मला कोणी विचारले, तर मी सर्वांत आधी याच जागेचे नाव घेतो.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढायला गेलेले भारतीय सैन्य मार्सेलिसलाच उतरले. लाहोर डिव्हिजनच्या तुकड्या २६ सप्टेंबर १९१४ रोजी येथील धक्क्यावर उतरू लागल्या आणि त्यानंतर युद्धकाळात हे बंदर भारतीय सैन्याचा तळच बनले. बोरेली उद्यानात, जेथे आज लोक संध्याकाळी फिरायला जातात, तेथे त्यांच्या राहुट्या होत्या. आम्हा खडकीकरांना याचे अधिक महत्त्व असे की, या डिव्हिजनबरोबर तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी उत्तर फ्रान्समधील नव्ह शापेल या गावावरील हल्ल्यात या दोन कंपन्यांची अतोनात हानी झाली. खंदक खणणे, पूल बांधणे, वाटेतील तारांची कुंपणे काढणे हे ज्यांचे काम, ते जवान त्या दिवशी संगिनी घेऊन पायदळाबरोबर गावात शिरले. तेथून फार थोडे परतले.

मझार्गच्या स्मशानात दोन्ही महायुद्धांतील दीड हजारांहून अधिक सैनिकांच्या स्मृती जपलेल्या आहेत. मुस्लिम सैनिकांचे दफन झाले. हिंदू व शीख सैनिकांचे त्यांच्या धर्माप्रमाणे दहन झाले आणि त्यांच्यासाठी भारतीय स्मारक उभारले गेले, ज्याचे अनावरण फील्ड मार्शल बर्डवुड यांनी १९२५ साली केले. लढवय्यांबरोबरच मजूर तुकड्यांतील, खेचरे सांभाळणारी, ओझी वाहणारी माणसेही त्या यादीत आहेत आणि मला वाटते त्यांची नावे सावकाश वाचावीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष यांनी येथे एकत्र पुष्पचक्र वाहिले. जाण्यासाठी मेट्रोने राँ-प्वाँ द्यू प्रादो स्थानकापर्यंत यावे आणि तेथून लुमिनीच्या बाजूची बस घ्यावी. स्मशान त्याच रस्त्याच्या कडेला असून आत सगळे सपाट आहे.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. सॅपर्सचा उल्लेख आईला वाचून दाखवला, तेव्हा एक दिवस त्या बाजूसाठीच ठेवायचे तिने लगेच ठरवून टाकले. ‘मोरिया’विषयी आणि समुद्रातील इफच्या किल्ल्याविषयीही कोणी लिहावे, ही विनंती. तो किल्ला बोटीने जाऊन पाहण्याइतका महत्त्वाचा आहे का?

सदाशिव पेठ

‘मोरिया’विषयी लिहितो. येथून जाणारी बरीच मंडळी जुन्या बंदरावर उभी राहून पाण्याकडे पाहतात आणि येथेच उडी घडली असे मानून हात जोडतात. भावना समजण्यासारखी आहे, परंतु जागा ती नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मोठ्या आगबोटींसाठी जुने बंदर अपुरे पडू लागले आणि त्याच्या उत्तरेस जोलिएत येथे, तेथून पुढे किनाऱ्याला समांतर लांबच लांब बांध घालून, एकामागून एक नव्या गोद्या बांधण्यात आल्या. १९१० साली पूर्वेकडे जाणाऱ्या आगबोटी या नव्या बंदरात लागत.

प्रसंग तुमच्या आईंना तोंडपाठ असेल, म्हणून थोडक्यात लिहितो. १ जुलै १९१० रोजी इंग्लंडहून निघालेली ‘मोरिया’ ७ जुलैला मार्सेलिसला पोहोचली. ८ जुलैच्या सकाळी सावरकरांनी शौचकूपाच्या गोल खिडकीतून अंग बाहेर काढून पाण्यात उडी घेतली, पोहत धक्का गाठला आणि ते फ्रेंच भूमीवर धावत सुटले. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडले, आणि कोणत्याही फ्रेंच न्यायाधीशापुढे उभे न करता, पाठलाग करत आलेल्या पहाऱ्याच्या मदतीने पुन्हा बोटीवर पोहोचवले. त्रिखंडात गाजलेली म्हणतात ती उडी हीच. परंतु तिच्या मागोमाग जे घडले, ते मला तेवढेच महत्त्वाचे वाटते. परकीय भूमीवर पोहोचलेल्या राजकीय कैद्याला असे परस्पर परत देता येते का, हा प्रश्न फ्रान्समधील समाजवाद्यांनी लावून धरला, दोन सरकारांना तो हेगच्या लवादापुढे न्यावा लागला, आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला. कैदी सोपवताना अनियमितता झाली, हे लवादाने मान्य केले. तरीही ब्रिटनने त्याला परत करावे असे बंधन आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असे ठरवले. त्या वेळेपर्यंत मुंबईतील खटल्यात जन्मठेपेच्या दोन शिक्षा झालेल्याही होत्या.

आता प्रत्यक्ष जाण्याविषयी. गोद्यांचा परिसर आजही चालत्या बंदराचा असल्याने कुंपणाआड आहे आणि प्रवाशांखेरीज इतरांना धक्क्यापर्यंत जाता येत नाही. मेट्रोने जोलिएत स्थानकावर उतरावे. समोरच १८६० च्या सुमारास बांधलेली ‘ले डॉक’ ही प्रचंड लांबीची कोठारे आहेत, जी आता दुकाने व कार्यालयांसाठी वापरात आहेत. त्यांची जाडजूड भिंत पाहिली की त्या काळी या बंदरातून किती माल जात असे, याची कल्पना येते. तेथून जवळ ‘तेरास द्यू पोर’ या बाजारसंकुलाची समुद्राकडे उघडणारी लांब गच्ची आहे. उद्वाहनाने वर जाता येते आणि बसायलाही जागा आहे. कॉर्सिकाला व उत्तर आफ्रिकेला जाणाऱ्या बोटी समोर लागलेल्या दिसतात, आणि उजव्या हाताला दूरवर गेलेल्या गोद्यांची रांग दिसते. बोटीच्या कठड्यापासून पाण्याची खोली, पाण्यापासून धक्क्याच्या उभ्या दगडी भिंतीची उंची आणि धक्क्यापासून शहराचे अंतर, हे तिन्ही तेथून डोळ्यांनी मोजता येते. तुमच्या आईंनी शिकवलेला प्रसंग समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

जलदुर्गप्रेमी

इफविषयी विचारलेत. ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या गाजलेल्या कादंबरीमुळे लोक त्याला तुरुंग म्हणून ओळखतात आणि तेथे खरोखरच हजारो प्रोटेस्टंट कैदी खितपत पडले होते. परंतु मुळात तो पहिल्या फ्रान्सिस राजाच्या आज्ञेने १५२४ ते १५३१ या काळात बांधलेला जलदुर्ग आहे. मुरुड-जंजिरा किंवा सिंधुदुर्ग पाहिलेल्याला तो आकाराने अगदी लहान वाटेल. तरीही जावे, आणि एक गोष्ट लक्षात ठेवून जावे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फर शाह याने पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा गोव्याहून १५१५ साली लिस्बनला पोहोचला. पुढे तो पोपला नजर करण्यासाठी जहाजाने रोमकडे निघाला असता १५१६ च्या आरंभी याच बेटावर उतरवला होता आणि फ्रान्सिस राजा त्याला पाहायला मुद्दाम आला होता. इटलीच्या किनाऱ्याजवळ ते जहाज बुडाले. किल्ला नव्हता तेव्हा त्या उघड्या खडकावर भारतातला गेंडा उभा होता, ही कल्पना मुलांना आणि शिक्षकांना सारखीच आवडते.

त्याच बोटीने पुढे फ्रिऊल बेटांवर जाता येते. तेथे विलगीकरणासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या कॅरोलिन रुग्णालयाचे अवशेष आहेत. १८९७ चा प्लेग ज्या शहराच्या स्मरणात आहे, तेथील माणसाने मार्सेलिसच्या १७२० च्या प्लेगची हकीकत जरूर समजून घ्यावी. पूर्वेकडून आलेल्या ‘ग्राँ-सेंत-आंत्वान’ या जहाजावर वाटेतच माणसे मेली होती. त्यातील किमती कापड बोकेर या जवळच्या गावातील मोठ्या व्यापारी जत्रेसाठी हवे होते, मालात शहरातील वजनदार लोकांची गुंतवणूक होती, आणि एरवी कडक असलेले विलगीकरणाचे नियम सैल करण्यात आले. शहरातील ९०,००० च्या आसपास लोकांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. जहाज नंतर जाळण्यात आले. बंदराला सगळे वैभव ज्या वाटेने मिळाले, त्याच वाटेने ते मरण आले होते.

इफवर पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे आईंनी खालच्या चौकापर्यंत येऊन बुरुजावर न चढले तरी चालेल. मिस्त्राल नावाचा वायव्येचा वारा सुटला की बोटी इफच्या धक्क्याला लागत नाहीत. म्हणून बोटीचा दिवस पहिल्याच दिवशी पक्का करू नये. जुन्या बंदरावरील तिकीटखिडकीपाशी त्या सकाळी चौकशी करून, हवा शांत असेल तो दिवस त्यासाठी घ्यावा आणि बाकीचे कार्यक्रम मागेपुढे करावेत. नगरपालिकेच्या संग्रहालयांतील कायमस्वरूपी दालनांना प्रवेशमूल्य नाही, मात्र ती सोमवारी बंद असतात. म्यूसेम मंगळवारी बंद असते. तुमच्या तीन दिवसांत सोमवार येत असेल, तर जोलिएत, मझार्ग आणि सिते रादिएझ यांसाठी तो ठेवावा.